बालाघाटच्या मँगनीजचे आकाशातील मूळ

बालाघाट हे नाव ऐकताच महाराष्ट्रातील पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातील डोंगररांग उभी राहते. आजच्या भाषणात मला अभिप्रेत असलेले बालाघाट ते नव्हे. गोंदियाच्या उत्तरेस लागून असलेला, वैनगंगेच्या खोऱ्यातील मध्य प्रदेशातील जिल्हा तो हा बालाघाट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत हा जिल्हा आणि विदर्भ एकाच राज्यात नांदत होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्ये वेगळी झाली, तरी जमिनीखालचे नाते तुटले नाही. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटकडे जो मँगनीजच्या खनिजाचा पट्टा गेला आहे तो राज्याची सीमा ओळखत नाही. भरवेली, उकवा आणि तिरोडी येथील खाणी चालविणाऱ्या मॉईल कंपनीचे मुख्य कार्यालय आजही नागपुरातच आहे. यांपैकी भरवेलीची खाण ही आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते.

या काळ्या, जड खनिजाचे उपयोग सर्वश्रुत आहेत. मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही. लोखंडातील गंधकाचा दोष ते नाहीसा करते आणि पोलादाला चिवटपणा देते. आगगाडीचे रूळ जेथे एकमेकांना छेदून जातात तेथे चाकांचे आघात सोसण्यासाठी मँगनीजचे प्रमाण बरेच वाढविलेले पोलाद लागते. विजेरीतील घटांतही मँगनीजचे संयुग असते. खनिज कसे साचले हेही भूवैज्ञानिकांनी पुष्कळ अंशी उलगडले आहे. अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी गाळाबरोबर मँगनीज साचले आणि पुढे भूगर्भातील उष्णता व दाब यांनी त्या थरांचे रूपांतर झाले. ल्यूइस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या प्रदेशातील मँगनीजयुक्त खडकाला त्याने येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले आणि ते जगभरच्या भूविज्ञानात रूढ झाले.

परंतु समुद्राने मँगनीज साचविले, निर्माण केले नाही. पृथ्वीनेही ते निर्माण केलेले नाही. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी ज्या वायूच्या व धुळीच्या मेघातून सूर्य व पृथ्वी घडली, त्या मेघातच मँगनीजचे अणू आधीपासून होते. ते तेथे कोठून आले? या प्रश्नाचे उत्तर ताऱ्यांच्या स्फोटांत आहे. विशेष असे की, गेल्या काही वर्षांत हाच एक धातू खगोलविज्ञानातील एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहिला आहे. तो वाद आहे विश्वाची अंतरे ज्या मापाने मोजली जातात, त्या मापाविषयीचा.

प्रथम, ताऱ्यात मँगनीज आहे हे कळते तरी कसे, ते पाहू. दिवाळीच्या शोभेच्या दारूत तांबडा रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांमुळे आणि हिरवा रंग बेरियमच्या क्षारांमुळे येतो, हे आपणांस ठाऊक असेल. चुलीच्या ज्वाळेत मिठाचे पाणी उडाले तर ज्वाळा क्षणभर पिवळी होते, ती मिठातील सोडियममुळे. प्रत्येक मूलद्रव्याचा वायू तापला की ठराविक रंगांचाच प्रकाश बाहेर टाकतो आणि त्याच्यामागून अधिक उष्ण पदार्थाचा प्रकाश आला, तर नेमके तेच रंग शोषून घेतो. सूर्याचा प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा पट्टा पसरला, तर त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा दिसतात. जर्मनीतील फ्राउनहोफर याने १८१४ मध्ये त्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. १८५९ साली किर्खोफ आणि बुन्सेन यांनी या रेषांचा अर्थ लावला. प्रत्येक रेषा म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातील एखाद्या मूलद्रव्याची सहीच होय. मँगनीजची ठळक सही वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडे, ४०३० अँगस्ट्रॉमच्या आसपास, तीन जवळजवळच्या रेषांच्या रूपाने उमटते. हा वर्णपट पसरून दाखविणारे जे उपकरण, त्याला वर्णपटदर्शक म्हणतात. दुर्बिणीने प्रकाश गोळा करावा आणि वर्णपटदर्शकाने त्याची चौकशी करावी, अशी ही कामाची वाटणी आहे.

हे शास्त्र महाराष्ट्रात लवकर आले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या साहाय्याने तेथे वेधशाळा उभारली. तिचा मुख्य विषय वर्णपटांचा अभ्यास हाच होता. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे इंग्लंडातील विख्यात शास्त्रज्ञ लॉकियर यांचे मत होते. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेऊन दाखविले की ती रेषा स्वच्छ व तीक्ष्ण आहे. पट्ट्याच्या अवशेषासारखी पसरट ती मुळीच नाही. पुढे १९२७ साली ती रेषा ऑक्सिजनची असल्याचे सिद्ध झाले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर, १९१२ साली वेधशाळा बंद पडली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. परंतु एका रेषेच्या अर्थावर एखादा संपूर्ण सिद्धांत उभा राहतो किंवा कोसळतो, हा धडा त्या कामात होता आणि मँगनीजच्या कथेत तो पुन्हा भेटणार आहे.

रेषा ओळखणे ही झाली पहिली पायरी. रेषेवरून त्या द्रव्याचे प्रमाण काढणे हे अधिक अवघड असते. रेषा गडद म्हणजे द्रव्य पुष्कळ, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. ताऱ्याच्या उष्णतेने अणूंतील इलेक्ट्रॉन निघून जातात आणि मग त्या अणूंच्या मूळच्या रेषा फिक्या पडतात. उष्णता व दाब यांवरून किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. त्याचा आधार घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांतील द्रव्यांची प्रमाणे काढली. तारे मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांचे बनले आहेत, हा धक्का देणारा निष्कर्ष त्यातूनच निघाला. मँगनीजसारखे धातू त्या मानाने चिमूटभरच. सूर्यात लोहाचे सुमारे १०० अणू असतील तर मँगनीजचा एक, असे हे प्रमाण आहे.

ही चिमूट घडली कशी? फ्रेड हॉइल यांनी १९४६ पासून असे प्रतिपादन केले की, जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजतात. १९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल या चौघांनी मिळून त्याचे सविस्तर शास्त्र मांडले. मराठी श्रोत्यांना हॉइल परके नाहीत. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला त्यांचेच शिष्य होते. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभारून नारळीकरांनी खगोलविज्ञानाचे एक मोठे केंद्र महाराष्ट्राला दिले. २०२५ साली ते निवर्तले.

ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हीलियम होते, हीलियमचा कार्बन व ऑक्सिजन होतो. सूर्याएवढे तारे येथेच थांबतात. त्यांचे बाह्य थर विरून जातात आणि कार्बन-ऑक्सिजनचा पृथ्वीएवढा, पण सूर्याच्या निम्म्याहून अधिक वजनाचा गोळा मागे उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. हा बटू किती जड होऊ शकेल? १९३० साली १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी प्रवासातच या गणिताला हात घातला. सूर्याच्या सुमारे १.४ पट वजनाहून जड असा श्वेत बटू टिकू शकत नाही, असे त्यांचे उत्तर आले. हीच चंद्रशेखर-मर्यादा होय. एखादा बटू शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत या मर्यादेजवळ पोहोचला, तर त्याच्या गाभ्यातील कार्बन एकाएकी पेट घेतो आणि संपूर्ण बटूचा स्फोट होतो. काही आठवडे तो ४०० ते ५०० कोटी सूर्यांएवढ्या तेजाने झळकतो. अशा स्फोटाला पहिल्या प्रकारच्या ‘अ’ वर्गातील अतिदीप्त नवतारा म्हणतात.

मँगनीजचा मोठा वाटा या स्फोटांतूनच येतो. त्यातली गंमत अशी की, तेथे ते मँगनीज म्हणून जन्मास येतच नाही. मँगनीजच्या अणुकेंद्रात २५ प्रोटॉन व ३० न्यूट्रॉन असतात. स्फोटात जे घडते ते २७ प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन असलेले कोबाल्ट. हे कोबाल्ट अस्थिर असते. सुमारे साडेसतरा तासांत त्यातील निम्मे अणू पालटून लोहाचा एक अस्थिर प्रकार होतो. त्या लोहाचे निम्मे अणू पालटण्यास पावणेतीन वर्षे लागतात. असे होत होत शेवटी जे स्थिर द्रव्य उरते, ते मँगनीज. भरवेलीच्या खनिजातील बहुतेक अणूंनी आपले पहिले काही तास कोबाल्टच्या आणि पुढील काही वर्षे लोहाच्या रूपात काढली आहेत.

आता वादाकडे वळू. हे अतिदीप्त नवतारे खगोलशास्त्रज्ञांचे मापाचे कंदील आहेत. अंधारात दूरवर कंदील दिसला आणि त्याची ज्योत केवढी आहे हे ठाऊक असले, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर सांगता येते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. याच न्यायाने दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दूरदूरच्या दीर्घिकांतील नवतारे मोजले आणि विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालले आहे, असे १९९८ साली जाहीर केले. त्याबद्दल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सर्व कंदील तंतोतंत सारखे नसतात, हे शास्त्रज्ञ जाणतात. अधिक तेजस्वी नवतारा सावकाश मंदावतो, या नियमाचा आधार घेऊन ते अंतर दुरुस्त करतात. पण हा नियम अनुभवातून काढलेला आहे. स्फोट कसा होतो याचे पुरते ज्ञान त्यामागे नाही.

आणि येथेच शंका आहे. प्रत्येक बटू चंद्रशेखर-मर्यादेपाशी जाऊनच फुटतो, की काही त्याआधीच फुटतात? बटूच्या पृष्ठभागावर साचलेल्या हीलियमचा भडका उडून त्याच्या धक्क्याने आतील हलका गोळाही फुटू शकेल, किंवा दोन बटू एकमेकांवर आदळून फुटू शकतील. बाहेरून पाहता हे सारे स्फोट बरेचसे सारखे दिसतात. जुन्या काळच्या दीर्घिकांत एका जातीचे स्फोट अधिक आणि अलीकडच्या काळात दुसऱ्या जातीचे अधिक, असे असले तर दूरचा कंदील आणि जवळचा कंदील एकाच मापाने मोजणे कितपत योग्य, हा प्रश्न उभा राहतो.

या दोन जातींतील भेद सांगणारा साक्षीदार म्हणजे मँगनीज. मर्यादेजवळच्या जड बटूचा गाभा अतिशय दाट असतो. जेथे घनता एका घन सेंटिमीटरात सुमारे २०० टनांहून अधिक असते, तेथे घडलेले कोबाल्ट तसेच टिकते आणि पुढे मँगनीज होते. हलक्या बटूत एवढी दाटी नसते. तेथे स्फोट थंडावताना मोकळे प्रोटॉन उरलेले असतात. कोबाल्टचा अणू त्यांतील एक प्रोटॉन गिळतो आणि निकेल होतो, तर त्या निकेलचे शेवटी लोह बनते. थोडक्यात, जड बटूने मँगनीज द्यावे आणि हलक्याने त्याऐवजी लोहच द्यावे. म्हणून एखाद्या दीर्घिकेतील ताऱ्यांत लोहाच्या मानाने मँगनीज किती आहे हे मोजले की, तेथे कोणत्या जातीचे बटू फुटले याचा अंदाज येतो.

ही साक्ष तीन ठिकाणी घेण्यात आली. पहिले ठिकाण सूर्य. त्यातील मँगनीजचे प्रमाण जुळवायचे तर सुमारे निम्मे स्फोट मर्यादेजवळच्या बटूंचे असले पाहिजेत, असा निष्कर्ष २०१३ मध्ये मांडला गेला. दुसरे ठिकाण आपल्या आकाशगंगेभोवतीच्या लहान दीर्घिका. शिल्पकार तारकासमूहात सुमारे २ लाख ८० हजार प्रकाशवर्षांवर एक खुजी दीर्घिका आहे. तिच्यात नवे तारे जन्मणे फार पूर्वीच थांबले. हवाई बेटावरील केक दुर्बिणीने तिच्यातील ताऱ्यांचे वर्णपट घेतले असता मँगनीज कमी आढळले. तेथे बहुतांशी हलके बटू फुटले असावेत, असे २०२० साली सांगण्यात आले. ज्या खुज्या दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म अधिक काळ चालू राहिला, तेथे मात्र मँगनीजचे प्रमाण वाढलेले दिसते. दीर्घिकेच्या इतिहासाबरोबर स्फोटांची जातही बदलते, असे यावरून सूचित होते. मापाच्या कंदिलाविषयीची शंका नेमकी हीच होती.

तिसरे ठिकाण सर्वांत दूरचे. ययाती तारकासमूहाच्या दिशेला सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर शेकडो दीर्घिकांचा एक समूह आहे. त्या दीर्घिकांमधील अवकाश कोट्यवधी अंश तापलेल्या वायूने भरलेले आहे आणि तो वायू क्ष-किरण टाकतो. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जात असल्याने त्यांचा वर्णपट घेण्यास उपकरण अवकाशात न्यावे लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये जपानने ‘हितोमी’ हा उपग्रह सोडला. त्यातील वर्णपटमापक निरपेक्ष शून्यापासून अवघ्या अंशाच्या विसाव्या भागापर्यंत थंड केलेला होता. मार्चअखेर उपग्रह निकामी झाला, पण तत्पूर्वी त्याने ययातीतील या समूहाचा वर्णपट टिपला होता. त्यात क्रोमियम, मँगनीज आणि निकेल यांचे लोहाशी असलेले प्रमाण जवळजवळ सूर्यातल्यासारखेच निघाले. शेकडो दीर्घिकांच्या एकत्रित भांडारात दोन्ही जातींच्या स्फोटांचा वाटा आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. सप्टेंबर २०२३ मध्ये अवकाशात गेलेला ‘क्रिझम’ हा उपग्रह तशाच वर्णपटमापकाने हे काम पुढे नेत आहे.

तथापि निकाल अद्याप लागलेला नाही. हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०२० साली एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. ताऱ्याच्या विरळ वातावरणात मँगनीजचे अणू नेहमीच्या गणितात गृहीत धरलेल्या समतोलात नसतात. म्हणून रेषा मुळापेक्षा फिकी उमटते आणि मँगनीज कमी भासते. ही दुरुस्ती केली तर आकाशगंगेतील तीन चतुर्थांशाच्या आसपास स्फोट हलक्या बटूंचे ठरतात. २०१३ च्या निष्कर्षाहून हा बराच वेगळा आहे. रेषा त्याच आहेत, वाचन बदलले आहे. नायगमवालांच्या हिरव्या रेषेचा प्रश्न जणू नव्या रूपाने पुढे आला आहे.

या संशोधनात भारताची उपकरणेही सहभागी आहेत. लडाखमधील हान्ले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेल्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने असे अनेक नवतारे अभ्यासले आहेत. २०१४ साली जवळच्या एम ८२ या दीर्घिकेत उजळलेला नवतारा हा त्यांपैकीच एक. तेथेच मुंबईच्या आय. आय. टी. च्या सहभागाने चालणारी एक लहान स्वयंचलित दुर्बीण असे क्षणिक प्रकाश टिपत असते. जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे. नारायणगावाजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण रेडिओलहरींतून दीर्घिकांतील हायड्रोजनचा, म्हणजे ताऱ्यांच्या कच्च्या मालाचा, वेध घेते. कोणतेही एक उपकरण पुरे पडत नाही.

भरवेलीच्या खाणीतून निघालेल्या खनिजात मँगनीज शेकडा किती, हे प्रयोगशाळेत नमुना विरघळवून अचूक सांगता येते. ताऱ्याचा नमुना कोणी आणून देत नाही. तेथे प्रकाशाच्या काही बारीक रेषा एवढेच साधन आहे आणि त्यांच्या वाचनातील थोड्या फरकाने विश्वाच्या मापाविषयीचा विश्वास कमीअधिक होतो. म्हणून हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. बालाघाटच्या खनिजाच्या एका ढेकळात कोण्या एका ताऱ्याचे अणू नाहीत. सूर्य जन्मण्यापूर्वी झालेल्या कितीतरी स्फोटांची राख त्यात मिसळलेली आहे. तीत जड बटूंचा वाटा किती आणि हलक्यांचा किती, हेच आज शोधले जात आहे.

हिवाळ्यातील रात्री बैहर किंवा लांजीकडच्या काळोख्या आकाशात उत्तरेकडे पाहावे. शर्मिष्ठा व ययाती हे तारकासमूह तेथे शेजारीशेजारी दिसतात. शर्मिष्ठेत १५७२ साली असाच एक बटू फुटला होता. टायको ब्राहे याने त्याचे वेध घेतले आणि त्याच्या अवशेषांत मँगनीजची खूण जपानच्या ‘सुझाकू’ उपग्रहाला २००९ च्या सुमारास सापडली. ययातीच्या दिशेला तो दूरचा दीर्घिकासमूह आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण त्यातील मँगनीज आणि भरवेलीतील मँगनीज एकाच प्रकारच्या भट्ट्यांतून आले आहे, एवढे आज खात्रीने सांगता येते.